बी. कॉम. झाले, पुढे काय? – हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारा

बारावीचा निकाल लागला की उदगीरच्या बाजारपेठेत दरवर्षी तेच बोलणे कानावर येते. ज्याच्या मुलाला विज्ञान शाखेत चांगले गुण पडले तो पेढे वाटतो आणि मुलाला 'लातूर पॅटर्न'च्या पुढच्या शिकवणीला लावतो. ज्याच्या मुलाला गुण पडले नाहीत तो म्हणतो, "बी. कॉम.ला टाकला. डिग्री तर होईल, नाही तर दुकान आहेच."

"नाही तर दुकान आहेच" या वाक्यात आमच्या मते दुहेरी नुकसान आहे. एक म्हणजे मुलाची तीन वर्षे, आणि दुसरे म्हणजे दुकानाचा वारस. मुलगा सकाळी वर्गात रोजकीर्द आणि खतावणी शिकतो, संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. परंतु वर्गातले दुकानात येत नाही आणि दुकानातले वर्गात जात नाही. तिसऱ्या वर्षाचा निकाल हाती पडल्यावर तो विचारतो, "आता पुढे काय?" तोपर्यंत काही दरवाजे बंद झालेले असतात. ते दरवाजे कोणते, ते कशाने बंद होतात आणि उघडे ठेवण्यासाठी विद्यार्थ्याने व त्याच्या घरच्यांनी काय करावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

शेवटापासून मागे मोजा

व्यापाऱ्याला नियोजन शिकवावे लागत नाही. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. म्हणून कापडवाला कॅलेंडर पाहतो आणि ईदच्या दिवसापासून मागे मोजत येतो. माल दुकानात केव्हा लागला पाहिजे, त्याआधी गाठी ट्रान्सपोर्टला केव्हा पडल्या पाहिजेत, त्याआधी खरेदीला केव्हा निघायचे, आणि त्याही आधी रकमेची तजवीज केव्हा करायची. चाँदरातीला खरेदीला निघणारा व्यापारी आम्ही तरी पाहिलेला नाही. मग मुलाच्या पदवीच्या बाबतीत आपण चाँदरातीपर्यंत का थांबतो?

बी. कॉम.नंतर मुख्यतः चार वाटा आहेत. स्वतःचा धंदा. हिशेब व कर यांचा व्यवसाय, म्हणजे सी. ए., सी. एम. ए., कंपनी सेक्रेटरी, कर सल्लागार, सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण. स्पर्धा परीक्षेतून बँकेची अथवा सरकारची नोकरी. आणि एम. कॉम. करून प्राध्यापकी, किंवा एम. बी. ए. करून कंपनीतील नोकरी. प्रत्येक वाटेवर गुणांची अथवा वयाची एक चौकी आहे. ती आधीच माहीत असावी.

सी. ए.ला दोन बाजूंनी जाता येते. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा द्यावी लागते. तिचे चार पेपर असतात : हिशेब, व्यापारी कायदे, गणित-संख्याशास्त्र-तर्क आणि अर्थशास्त्र. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. दुसरी बाजू पदवीनंतरची आहे. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुण असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नाव नोंदवता येते. ज्याचे ५२ टक्के आले त्याच्यासाठी ही बाजू बंद झाली. तीन टक्क्यांची ही किंमत त्याला पहिल्या वर्षी कोणी सांगितलेली नसते.

एम. बी. ए.च्या राज्य प्रवेश परीक्षेसाठी पदवीला ५० टक्के लागतात, राज्यातील मागासवर्गीयांना ४५. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेला एम. कॉम.ला ५५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना ५०. बँकेच्या लिपिक भरतीत वयाची साधारण मर्यादा २० ते २८ वर्षे असते आणि राज्याची भाषा वाचता, लिहिता, बोलता यावी लागते. म्हणजे ज्याला पुढे काय करायचे हे अजून ठरवता येत नाही त्याने निदान एक गोष्ट ठरवावी : पदवीला ५५ टक्क्यांच्या खाली यायचे नाही. एवढ्याने बहुतेक दरवाजे उघडे राहतात.

पदवीचा नवा आराखडा

आपल्या शहरातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्याआधी पदवी औरंगाबादच्या विद्यापीठाची मिळत असे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले आहे. त्यामुळे ज्या पालकांनी पूर्वी बी. कॉम. केले त्यांचा अनुभव आता पुरा पडत नाही.

नव्या रचनेत अभ्यास 'क्रेडिट'वर मोजला जातो. वर्गातील साधारण १५ तासांचे शिकणे म्हणजे एक क्रेडिट. एक वर्ष पुरे करून ठरलेल्या अटींवर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षे केल्यास ऑनर्स पदवी मिळते. मिळवलेली क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या नावे संगणकावरील खात्यात जमा राहतात. घरची अडचण आल्याने दुसऱ्या वर्षी कॉलेज सुटले तरी पहिले वर्ष वाया गेले असे होत नाही. आपल्याकडे बाप आजारी पडला किंवा दुकानाला माणूस कमी पडला की कॉलेज सुटते. अशा घरांसाठी ही सोय मोठी आहे. मात्र तिचा उपयोग परत येण्यासाठी करावा, लवकर सुटण्यासाठी नव्हे.

नव्या आराखड्यात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही क्रेडिट आहेत. व्यापाऱ्याच्या मुलाला याचा सर्वांत जास्त फायदा व्हावयास पाहिजे. परंतु शिक्का मारून आणलेल्या कागदावर काम भागवले तर तो फायदाही जातो. हा अनुभव स्वतःच्या दुकानापेक्षा दुसऱ्याच्या दुकानात, कर सल्लागाराकडे किंवा एखाद्या दालमिलच्या हिशेबखात्यात घ्यावा. घरच्या गल्ल्यावर मुलाला चूक कोणी दाखवत नाही.

एक खुलासा बी. बी. ए.बद्दल. हा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि २०२४ पासून राज्यात त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा होऊ लागली. बी. कॉम.ला असे नाही. ज्याला बी. बी. ए. करावयाचे आहे त्याने बारावीत असतानाच त्या परीक्षेचा फॉर्म भरावा. निकालानंतर चौकशी करणाऱ्याला उशीर झालेला असतो.

भाषेची चौकी

आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडतो. उर्दू शाळेतून दहावी झालेला मुलगा अकरावी-बारावीत कसाबसा निभावतो आणि बी. कॉम.च्या वर्गात त्याच्यापुढे मराठी आणि इंग्रजी पुस्तके येतात. हिशेब त्याला येतो. शब्द येत नाही. परीक्षेत प्रश्न समजला नाही म्हणून गुण जातात, आणि घरी सांगितले जाते की पोराचे डोके चालत नाही.

खरे पाहता हिशेबाची मराठी ही आपल्याला परकी भाषा नाहीच. जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, तारीख, रक्कम, दलाल, नुकसान हे सारे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले. मराठी पुस्तकातील 'रोजकीर्द' आणि आपला 'रोजनामचा' यांचे घराणे एकच. राहता राहिले थोडे शब्द. 'भांडवल' म्हणजे सरमाया. 'घसारा' म्हणजे यंत्र किंवा फर्निचर वापरून झिजते त्याची दरवर्षी कमी करावयाची किंमत, उर्दूत फर्सूदगी. 'येणे' म्हणजे लोकांकडून यावयाचे, 'देणे' म्हणजे आपण द्यावयाचे. 'तेरीज' म्हणजे सर्व खात्यांच्या बाकी एका कागदावर मांडून दोन्ही बाजू जुळतात का हे पाहणे. 'ताळेबंद' म्हणजे ठरावीक दिवशी आपल्याजवळ काय आहे आणि आपण कोणाचे काय लागतो याचा तक्ता.

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यातच एक शंभर पानी वही करावी. पानाचे तीन भाग पाडावेत : मराठी, इंग्रजी, उर्दू. रोज दहा शब्द लिहावेत. दोन महिन्यांत सहाशे शब्द होतात आणि बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला त्याहून फार जास्त लागत नाहीत. त्याबरोबर रोज एका मराठी दैनिकाचे व्यापाराचे पान मोठ्याने वाचावे. मोठ्याने यासाठी की जीभ वळली पाहिजे. बँकेत, कर कार्यालयात, मुलाखतीत बोलावे लागते.

उदगीर सीमेवरचे शहर आहे. येथील बाजारात मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू या चारही भाषांचे गिऱ्हाईक येते. २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. अशा गावातील मुलगा भाषेपायी मागे पडावा हे बरे दिसत नाही. त्याची खरी अडचण लेखनाची आहे, आणि लेखन सरावाने येते.

दुकान हीच प्रयोगशाळा

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागते, ती महाविद्यालय देते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळा बाजारात आहे आणि व्यापाऱ्याच्या मुलाला ती घरात मिळालेली आहे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरह, २८२) मुदतीची उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपण सर्व जाणतो. तरीही आपल्या किती दुकानांत उधारी नीट लिहिलेली असते? हे काम शिकणाऱ्या मुलाकडे द्यावे. पुढील चार प्रयोग कोणत्याही दुकानात करता येतात.

पहिला : नफा कशावर मोजता? ८०० रुपयांची साडी १,००० रुपयांना विकली तर नफा २०० रुपये. खरेदीवर हा नफा २५ टक्के होतो, विक्रीवर २० टक्के. आता सणात आपण विक्रीच्या किमतीवर १० टक्के सूट दिली. साडी ९०० रुपयांना गेली. सूट दहा टक्क्यांची दिसते, परंतु नफा २०० वरून १०० वर आला, म्हणजे निम्मा गेला. मुलाने दुकानातील पाच प्रकारच्या मालाचा असा तक्ता करून वडिलांना दाखवावा.

दुसरा : माल किती वेळा फिरतो? वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत ३० लाख आणि दुकानात सरासरी माल १० लाखांचा असेल तर माल वर्षात तीनदा फिरला. म्हणजे गाठ आल्यापासून विकली जाईपर्यंत सरासरी चार महिने लागले. कोणता माल दोन महिन्यांत जातो आणि कोणता दोन वर्षे कपाटात पडून राहतो हे वेगवेगळे काढले की पुढच्या खरेदीची यादी आपोआप बदलते.

तिसरा : उधारी किती महिन्यांची? वर्षाची उधार विक्री १८ लाख आणि आज येणे ६ लाख असेल तर सरासरी चार महिन्यांची रक्कम लोकांकडे अडकलेली आहे. व्यापाऱ्याने स्वतः आणलेल्या मालाचे पैसे दोन महिन्यांत द्यावयाचे असतील तर मधले दोन महिने तो कोणाच्या पैशावर चालतो? या एका प्रश्नात 'खेळते भांडवल' हा सबंध धडा आला.

चौथा : कराचा हिशेब. १ लाखाचे कापड ५ टक्के कर भरून आणले, ५,००० रुपये कर आधी दिला. तेच १ लाख २० हजारांना विकले, ६,००० रुपये कर गिऱ्हाइकाकडून घेतला. सरकारकडे भरावयाचा फरक १,००० रुपये. परंतु खरेदीचे बिल हरवले किंवा विकणाऱ्याने ते आपल्या विवरणपत्रात दाखवले नाही, तर ते ५,००० अडकतात.

कापडवाल्यांना हा विषय अवघड जातो याला कारण आहे. १९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी जादा अबकारी कर गिरणीच्या दारातच घेतला जात होता. त्यामुळे कापड दुकानदाराच्या दोन पिढ्यांना विक्रीकराची वही ठेवावी लागली नाही. १ जुलै २०१७ रोजी जी. एस. टी. आला आणि कापड पहिल्यांदाच त्या चौकटीत आले. तयार कपड्यांचा दर पूर्वी नगाच्या हजार रुपये किमतीपर्यंत ५ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा अडीच हजारांवर गेली आणि त्यापुढील कपड्यांवर १८ टक्के कर आला. २,४०० आणि २,६०० रुपयांच्या शेरवानीत आता केवळ दोनशेचा फरक राहिला नाही.

२०२४ सालच्या मार्चमध्ये बाजारात '४५ दिवस' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होत नाही, पैसे देऊ त्या वर्षी होतो, असा आयकराचा नियम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाला होता. भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमागवाल्याकडून थेट माल आणणाऱ्याला तो लागू होता, व्यापाऱ्याकडून आणणाऱ्याला नव्हता. हा फरक समजून सांगणारा मुलगा घरात असणे म्हणजे काय, हे त्या महिन्यात पुष्कळांना कळले.

मुलाचे शिक्षण आणि बापाची वही एकत्र आली की काय होते, याचे उदाहरण आपल्या बहुतेक दुकानांतील संगणकावर आहे. बंगलोरचे श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना लागणारा कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवण्याचा धंदा करीत. हिशेबासाठी मनासारखा संगणक कार्यक्रम मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंका यांना, तो तयार करावयास सांगितले. १९८६ साली सुरू झालेले ते काम पुढे 'टॅली' म्हणून देशभर पोहोचले. प्रत्येक मुलगा टॅली तयार करणार नाही. पण वडिलांची अडचण ही विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकते, एवढे त्यातून घ्यावे.

कोणत्या वर्षी काय करावे

पहिले वर्ष पाया घालण्याचे. शब्दांची वही, मराठी व इंग्रजी लेखन, टंकलेखन आणि संगणकावरील तक्ते. ज्याला सी. ए. करावयाचे आहे व जो हिशेबात व गणितात बरा आहे त्याने फाउंडेशनची नोंदणी याच काळात करावी. २०२४ पासून फाउंडेशन व इंटरमिजिएट या परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागल्या, त्यामुळे एकदा राहिले तर सहा महिने बसून राहावे लागत नाही.

दुसरे वर्ष पारखण्याचे. कॉलेज सांभाळून रोज दोन-तीन तास कर सल्लागाराकडे किंवा सी. ए.च्या कार्यालयात बसावे, पगाराची अपेक्षा न ठेवता. सहा महिन्यांत कळते की आपल्याला कागदाचे काम आवडते की माणसांचे. ज्याला कागद आवडत नाही त्याने सी. ए.चा हट्ट धरू नये. त्याची जागा विक्रीत, खरेदीत, नव्या धंद्यात आहे आणि ती जागा कमी प्रतीची नाही.

तिसरे वर्ष निर्णयाचे. ५५ टक्क्यांचा हिशेब प्रत्येक सत्रात लावत राहावा. बँकेकडे किंवा लोकसेवा आयोगाकडे जाणाऱ्याने जुन्या प्रश्नपत्रिका याच वर्षी सोडवावयास घ्याव्यात. राज्यकर निरीक्षक हे पद कोणत्याही पदवीधराला खुले आहे आणि वाणिज्याच्या मुलाला त्याचा विषय आधीच परिचित असतो. बँकेच्या नोकरीत व्याजाचा प्रश्न ज्यांना अडतो त्यांनी तो परीक्षेची दोन वर्षे घालवण्याआधी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून मनाशी निकालात काढावा.

चौथे वर्ष सर्वांनी करावे असे नाही. ज्याला प्राध्यापकी किंवा संशोधन करावयाचे आहे त्याने करावे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्याला एम. कॉम. न करताही नेट देता येईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली जाहीर केले. ज्याला धंद्यात यावयाचे आहे त्याला ते एक वर्ष बाजारात जास्त उपयोगी पडेल.

पदवीनंतरच्या दोन वाटा आपल्याकडे कमी माहीत आहेत. पहिली जी. डी. सी. अँड ए. ही सहकार खात्याची परीक्षा. पदवीधराला ती देता येते, आणि पुढे अनुभवाची अट पुरी केल्यावर सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करता येते. आपल्या भागात पतसंस्था आणि सोसायट्या जागोजागी आहेत. दुसरी जी. एस. टी. प्रॅक्टिशनरची. नियमांतील अटी पुऱ्या करून वाणिज्य पदवीधराला अशी नोंदणी करता येते. सी. एम. ए.लाही पदवीधर थेट इंटरमिजिएटला जातो. सी. ए.च्या १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे आणि ती इंटरमिजिएटचे दोन्ही गट पास झाल्यावर सुरू होते. ज्या मुलींना फार दिवस बाहेरगावी ठेवण्यास घरचे तयार नसतात त्यांच्यासाठी हे एक वर्ष कमी होणे महत्त्वाचे आहे. हिशेबाचे आणि विवरणपत्रे भरण्याचे काम मुली आपल्या गावात राहूनही करू शकतात. घरात मुलगी हुशार आणि मुलगा सुमार असेल तर बी. कॉम.चे पैसे कोणावर खर्च करावेत, याचा विचार बापाने व्यापारी म्हणूनच करावा.

कागदपत्रे आधी

कागदासाठी अडलेला प्रवेश हे आपल्या समाजाचे जुने दुखणे आहे. मोमीन, अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. परंतु जातवैधता प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या नोंदीत सापडतो. येथे उदगीरकरांनी एक ध्यानात ठेवावे. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबाद जिल्ह्यात आले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. त्यामुळे नोंद कोठे असेल याचा शोध त्याच क्रमाने घ्यावा. निजामकाळातील नोंदी उर्दूत असतात आणि सन फसली असते. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळते. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावेत. उर्दू वाचणारी वडील माणसे अजून घरात आहेत, तोवर हे काम उरकून घ्यावे.

नावाचेही तेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'महंमद', आधार कार्डावर 'मोहम्मद' आणि बँकेत नुसते 'मो.' असेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. पहिल्या वर्षी प्रवेश घेण्यापूर्वी सर्व कागदांवर नाव एका अक्षराच्याही फरकाशिवाय जुळवून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांची मुदत लिहून ठेवावी. शिष्यवृत्तीच्या योजना बदलतात, काही बंदही पडतात. म्हणून दरवर्षी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन चालू योजना विचाराव्यात, गेल्या वर्षीच्या माहितीवर राहू नये.

पालकांसाठी

मुलाचा अभ्यास बुडण्याचे पहिले कारण पुष्कळदा दुकानच असते. सीझन आला की "आज कॉलेज राहू दे" होते आणि सीझन वर्षात चारदा येतो. घरात बसून एका कागदावर ठरवून घ्यावे : मुलगा दुकानात रोज किती तास येईल, परीक्षेआधी किती दिवस येणार नाही, आणि कामाबद्दल त्याला काय मिळेल. नोकराला मजुरी ठरवून देणारा बाप मुलाच्या वेळेची किंमत शून्य धरतो, तेव्हा मुलगाही ती शून्यच धरावयास शिकतो.

कधी खरोखरच दुकानासाठी शिक्षण सोडावे लागते. १९६६ साली वडील महंमद हाशम प्रेमजी वारले तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील शिक्षण अर्धवट टाकून परत आले आणि त्यांनी जळगाव जिल्ह्यातील अमळनेरचा वनस्पती तुपाचा कारखाना हाती घेतला. त्याच कंपनीची पुढे 'विप्रो' झाली. राहिलेला अभ्यासक्रम त्यांनी तीस वर्षांनंतर पुरा करून पदवी घेतली. ज्यांना पदवीची व्यवहारात काहीच गरज उरली नव्हती त्यांनीही ती खात्यावर बाकी ठेवली नाही.

यंदा ज्यांची मुले-मुली बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी या आठवड्यात एवढे करावे. मुलाला समोर बसवून चार वाटांपैकी दोन निवडावयास सांगाव्यात, एक पहिल्या पसंतीची व एक दुसऱ्या. त्या दोन्हींच्या गुणांची आणि वयाची अट एका कागदावर लिहून तो कागद गल्ल्याच्या काचेखाली लावावा. आणि दुकानाची उधारीची वही त्याच्या हाती देऊन महिनाअखेर येणे किती ते विचारावे.